चिंधीवाल्याच्या घरातली ब्रायना

दुपारी गल्लीत ‘भंगाऽर, रद्दीऽऽ’ अशी आरोळी आली की आपण जुने पेपर काढतो, घासाघीस करतो, त्याच्या काट्यावर डोळा ठेवतो. पण त्या माणसाच्या घरी कोण असेल, हा विचार काही मनात येत नाही. येतो का, मैत्रिणींनो?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ॲम्स्टरडॅम हे गालिच्यांच्या गिरण्यांचं शहर होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियातून हर्शेल आणि ब्रायना हे ज्यू जोडपं तिथं आलं. गिरण्यांत ज्यूंना काम मिळेना. मग हर्शेल घोडागाडी घेऊन दारोदार चिंध्या, मोडकं लोखंड, जुनंपुरानं गोळा करायला लागला. गरिबांच्या त्या वस्तीतही चिंधीवाल्याची पायरी सगळ्यात खालची! त्यात त्याला दारूचं व्यसन. सहा मुली आणि एक मुलगा, एवढा संसार ब्रायनानं ओढला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

१९१६ साली जन्मलेला तो मुलगा म्हणजे हॉलिवूडचा नट कर्क डग्लस. १९४९ मध्ये त्यानं चित्रपट कंपनी काढली आणि तिला आईचं नाव दिलं, ‘ब्रायना’! १९६०चा गाजलेला ‘स्पार्टाकस’ याच कंपनीचा. १९८८ मध्ये आलेल्या आत्मचरित्राचं नावही त्यानं ‘चिंधीवाल्याचा मुलगा’ असंच ठेवलं. बापाचा धंदा लपवला नाही.

उद्या भंगारवाला दारात आला, तर दोन रुपयांसाठी ताणण्याआधी त्याला पाणी विचारूया. त्याच्याही घरी एखादी ब्रायना वाट बघत असेल.