लिनक्समधला पायथन बदलायचा कोणी?

उबंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० येतो. एखाद्या लायब्ररीला ३.१२ हवा असतो, तो बसवला जातो आणि पाठोपाठ सल्ला मिळतो की ‘पायथन३’ ही कमांडही नव्या आवृत्तीकडे वळवून टाका. ती कमांड म्हणजे नुसती एक लिंक, ती बदलल्याने काय बिघडणार, असा त्यामागचा समज. लिंक आहे हे खरंच. पण उबंटूचे स्वतःचे प्रोग्रॅम तिच्याच भरवशावर चालतात. नवी रिपॉझिटरी जोडणारी कमांड आणि उबंटूच्या पुढच्या आवृत्तीवर नेणारा अपग्रेडर हे दोन्ही पायथनमध्ये लिहिलेले आहेत. त्यांना लागणारी काही मॉड्यूल्स कंपाइल केलेली असतात आणि ती ठरावीक आवृत्तीसाठीच बांधलेली असतात. फाइलच्या नावातच तो आकडा असतो. ३.१० साठी बांधलेलं ‘एपीटी-पीकेजी’ मॉड्यूल ३.१२ ला सापडत नाही आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. ‘लिंक बदलूनही एपीटीने पॅकेज बसवलं, मग बिघडलं कुठे?’ असं यावर विचारलं जातं. एपीटीचा गाभा सी++ मध्ये आहे, म्हणून तो चालतो. त्यावरून बाकी सगळं ठीक आहे असं सिद्ध होत नाही. सेंटओएस ७ वर तर ही सवलतही नव्हती. तिथला ‘यम’ स्वतःच पायथन २.७ मध्ये लिहिलेला होता, त्यामुळे ‘पायथन’ची लिंक तिसऱ्या आवृत्तीकडे वळवताच पॅकेज बसवण्याचं साधनच बंद पडायचं.

मग डिस्ट्रो स्वतः हा बदल कसा करतात? डेबियनमध्ये नवी आवृत्ती आधी जुनीच्या जोडीला येते, कंपाइल होणारी मॉड्यूल्स दोन्हींसाठी पुन्हा बांधली जातात, मोडलेली पॅकेजेस दुरुस्त होतात आणि त्यानंतर डीफॉल्ट बदलतं. लिंक वळवणं हे या कामाचं शेवटचं आणि सगळ्यात छोटं पाऊल. घरी ती वळवणारा नेमकं तेवढंच पाऊल उचलतो. घाईचे परिणाम डिस्ट्रोंनाही चुकत नाहीत. आर्च लिनक्सने २०१० मध्येच ‘पायथन’ कमांड तिसऱ्या आवृत्तीला दिली आणि ‘पायथन’ म्हणजे दुसरी आवृत्ती असं गृहीत धरलेल्या बाहेरच्या स्क्रिप्ट तिथे अडू लागल्या. फेडोराने तोच बदल २०१९ मध्ये, ३१ व्या आवृत्तीत केला. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तरी त्याच वर्षीच्या उबंटू २०.०४ ने आकडा नसलेली ‘पायथन’ कमांड आपणहून कुणालाच दिली नाही; हवी असेल त्याने वेगळं पॅकेज बसवावं, असं ठेवलं. मला हा सावधपणा योग्य वाटतो.

‘जुना आकडा म्हणजे असुरक्षित पायथन’ हा समजही तितकाच पक्का आहे. डिस्ट्रो सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत आणून बसवतात, आकडा मात्र तोच राहतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मधल्या पायथन ३.९ चा मूळ प्रकल्पाकडचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तो सांभाळण्याची जबाबदारी रेड हॅटची आहे. नव्या आवृत्तीचा वेग हवा, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ३.११ हा ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान असल्याचं पायथनच्या अधिकृत माहितीतच म्हटलं आहे. पण तो वेग मिळवायला जुना पायथन हलवावा लागत नाही. नवी आवृत्ती शेजारी बसवावी, ‘पायथन३.१२’ अशा पूर्ण नावाने बोलवावी आणि प्रत्येक प्रकल्पाला त्याचं स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट द्यावं. डेबियन १२ पासून ‘पिप’ थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेज घालायला नकार देतो, तोही याच कारणाने. कंटेनरमध्ये तरी सगळं आपलंच असतं ना, असं कुणी म्हणेल. पण डॉकरवरच्या पायथनच्या अधिकृत डेबियन इमेजमध्येही नवा पायथन ‘यूएसआर-लोकल’मध्ये वेगळा ठेवलेला असतो, डेबियनच्या जागेवर नाही.

लिंक आधीच बदलून बसलेल्यांनी ती पुढच्या अपग्रेडच्या आत मूळ आवृत्तीकडे परत वळवावी. शेजारी बसवलेली नवी आवृत्ती काढायची गरज नाही.