दादाला सहाव्या नंबरला पाठवायचं का? बॅटिंग ऑर्डरचं गणित

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं. मागे कोंबडा ओरडतो तो फक्त ऑडिओत आहे.)

आज तळ्यातून बोलतोय. आपल्या रायगड जिल्ह्यातलं तळा, इंदापूरहून आत वळलं की लागतं ते. भात कापून झालंय, खाचरं मोकळी झालीत, दोन-चार बांध फोडून मैदान तयार आहे. म्हणजे टेनिस क्रिकेटचा सीझन सुरू. इथून मे महिन्यापर्यंत दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात स्पर्धा, मांडव, स्पीकर, यूट्यूबवर लाइव्ह आणि बक्षिसाला चषक, रोख रक्कम, क्वचित बोकड.

विषय आहे बॅटिंग ऑर्डर. कोणाला कितव्या नंबरला पाठवायचं, हे आकड्यांवरून ठरवता येतं का? हे मी पुस्तकी बोलत नाहीये. गेल्या सीझनला हे मी आमच्याच टीममध्ये करून बघितलं आणि त्यावरून दोन आठवडे आमचा दादा माझ्याशी नीट बोलला नाही.

आधी दादाबद्दल. दादा म्हणजे सख्खा भाऊ नाही, गावचा दादा. टीम त्यानेच उभी केली. एंट्री फी कमी पडली की तोच भरतो, बॅट त्याच्या घरी असतात, टॉसला तोच जातो. आणि पहिला बॉल कायम तोच खेळतो. मी स्कोअरर. दोन सीझनच्या वह्या माझ्याकडे होत्या. एका रविवारी बसलो आणि सगळ्यांचे आकडे काढले.

दादाचे नेमके आकडे सांगत नाही, तो हा पॉडकास्ट ऐकतो. गोल करून सांगतो. समजा, टीममध्ये दोन प्रकारचे बॅट्समन आहेत. एक टिकणारा : साधारण पंधरा बॉलला एकदा आउट होतो, बॉलमागे १.१ रन काढतो. म्हणजे अ‍ॅव्हरेज साडेसोळा. दुसरा हाणणारा : सहा बॉलला एकदा आउट होतो, पण बॉलमागे २ रन काढतो. अ‍ॅव्हरेज बारा. आता कोण चांगला? अ‍ॅव्हरेज बघाल तर टिकणारा. आमच्या टीमने वर्षानुवर्षं तेच बघितलं. दोन टिकणारे ओपनिंगला, हाणणारे मागे, ‘शेवटी लागतील’ म्हणून राखून ठेवलेले.

इथेच खरी गोम आहे. प्रश्न ‘कोण चांगला’ हा नाहीच. प्रश्न असा की, या खेळात आधी काय संपणार आहे?

कसोटीत विकेट संपतात. बॉल भरपूर असतात, त्यामुळे आउट न होणं हीच मोठी कमाई. आमच्याकडे सहा ओव्हरची मॅच. छत्तीस बॉल. आमची वही सांगत होती की बहुतेक वेळा छत्तीस बॉल संपले तेव्हा आमचे तीनच गडी बाद होते. म्हणजे सहा-सात जण नुसते मांडवात वडापाव खात बसलेले! विकेट शिल्लक, बॉल खलास. घरात तांदूळ भरलेला आणि गॅस संपला, तसली गत.

जे संपणार आहे त्याचा हिशेब करायचा. मग गणित सोपं आहे, पेन्सिलीने होतं. समजा, टीममध्ये चार हाणणारे आणि बाकी टिकणारे. हाणणारे आधी पाठवले तर चौघं मिळून सरासरी चोवीस बॉल खेळतील, त्याचे अठ्ठेचाळीस रन. उरलेले बारा बॉल टिकणाऱ्यांचे, त्याचे तेरा. साठच्या आसपास गेले. टिकणारे आधी पाठवले तर पहिली विकेट पडेपर्यंतच चौदा-पंधरा बॉल गेलेले असतात, रन सोळा. पुढे एक हाणणारा येतो, पण स्ट्राइक अर्धी-अर्धी वाटली जाते, आणि चौथा हाणणारा बॅट हातात घेऊन उभाच राहतो. टोटल पन्नासच्या आसपास. माणसं तीच, बॅट त्याच, पीच तेच. फक्त क्रम बदलला आणि दहा रनचा फरक. सहा ओव्हरमध्ये दहा रन म्हणजे काय ते खेळणाऱ्याला सांगायला नको.

(ढोबळ हिशेब आहे हां. वाइड, नोबॉल, बाय यात धरलेले नाहीत. एका बाजूला बांध जवळ आहे आणि दुसरीकडे बॉल ओढ्यात जातो, हेही नाही.)

हे खूळ डोक्यात आलं कुठून, तर ‘मनीबॉल’ सिनेमातून. बघितला असेल तुम्ही, ब्रॅड पिटचा, २०११चा. अमेरिकेतल्या ओकलंडच्या बेसबॉल टीमने २००२ साली कमी पैशांत, आकडे बघून टीम बांधली आणि सलग वीस मॅच जिंकल्या, ती गोष्ट. बेसबॉलवाले बॅटिंग ऑर्डरवर कित्येक वर्षं गणित करतायत. पण त्यांचा खेळ आपल्यापेक्षा एका बाबतीत उलटा आहे, आणि तो फरक समजला की आपलाही खेळ जास्त कळतो.

बेसबॉलमध्ये नऊ जण ठरलेल्या क्रमाने बॅटिंग करतात, आणि नववा झाला की परत पहिला. चक्र चालूच. आउट झाला म्हणून कोणी मॅचमधून जात नाही, त्याचा नंबर परत येतो. पूर्ण मॅचमध्ये टीमला सत्तावीस आउट मिळतात, ते संपले की खेळ संपला. म्हणजे तिथे संपणारी गोष्ट आउट ही आहे. म्हणून तिथे जो आउट न होता बेसवर पोचतो तो सोन्यासारखा, आणि त्याला वर पाठवा असं आकडेवाले सांगतात. आमच्या छत्तीस बॉलच्या मॅचमध्ये नेमका तोच माणूस खाली जातो. प्रश्न तोच, उत्तर बरोब्बर उलटं.

अजून एक गंमत. चक्र कुठल्या नंबरावर थांबेल हे नशिबावर असतं. ढोबळमानाने नऊपैकी कुठल्याही. त्यामुळे वरच्या नंबरवाल्याला त्याच्या खालच्यापेक्षा नऊ मॅचमागे एक पाळी जास्त मिळते. त्यांचा सीझन १६२ मॅचचा. १६२ भागिले ९, अठरा. एक नंबर वर सरकलात की वर्षाला अठरा पाळ्या जास्त. एवढं करूनही चांगली ऑर्डर आणि नेहमीची ऑर्डर यांत अख्ख्या सीझनला पाच ते पंधरा रनचाच फरक पडतो, असं तिकडचे अभ्यासक सांगतात. कारण चक्र असल्यामुळे सगळ्यांना पाळी मिळतेच. आपल्याकडे आठव्या नंबरवाल्याला अख्खा सीझन बॅट मिळत नाही. म्हणून क्रमाची किंमत आपल्याकडे जास्त आहे, आणि तीही एकेका मॅचमध्ये दिसते.

तर मी हे सगळं कागदावर लिहून दादाकडे गेलो. सांगितलं, “दादा, तू सहाव्याला ये.”

दादाने कागद बघितला, घडी घातली, खिशात ठेवला. बोलला, “तुझ्या वहीला बॅटिंग येते काय रे?”

पण ऐकलं त्याने, हे मान्य करायला पाहिजे. पुढच्याच स्पर्धेत दोन हाणणारे ओपनिंगला पाठवले. आणि सेमीफायनलला काय झालं? पहिल्याच ओव्हरमध्ये दोघंही आउट. मैदानाच्या कडेला अख्खं गाव, आणि स्पीकरवरचा समालोचक ओरडतोय, “ओपनिंगचा प्रयोग फसलेला आहे!” हरलो. परतीच्या टेम्पोत माझ्या बाजूला कोणी बसलं नाही.

आता इथे शांतपणे गणित बघू. त्या रात्री मी तेच करत बसलो होतो, झोप कुठे लागत होती. सहा बॉलला एकदा आउट होणारा माणूस म्हणजे तो नेमाने सहाव्या बॉललाच आउट होतो असं नाही. प्रत्येक बॉलला सहात एक शक्यता. लुडोचा फासा समजा. तीन बॉलच्या आत आउट व्हायची शक्यता निघते ४२ टक्के, म्हणजे पाच डावांत दोनदा! आणि दोन्ही ओपनर आपापल्या तीन बॉलच्या आत जाण्याची शक्यता साधारण १८ टक्के. पाच-सहा मॅचमागे एकदा हे होणारच होतं. ते नेमकं सेमीफायनलला झालं. एका मॅचवरून ऑर्डर चूक की बरोबर हे ठरत नाही. पण हे टेम्पोत कोणाला समजावणार?

मोठ्या लोकांनाही हे चुकत नाही. २ एप्रिल २०११, वानखेडे, वर्ल्ड कपची फायनल. पावणेतीनशे करायचेत, कोहली आउट झाला तेव्हा ११४ला तीन. फॉर्म बघितला तर युवराजने यायला हवं होतं, तो त्या स्पर्धेत भन्नाट खेळत होता. धोनीची त्या वर्ल्ड कपमध्ये तोवर एक फिफ्टीसुद्धा नव्हती. तरी धोनी स्वतः वर आला. गंभीर डावखुरा, मग जोडीला उजवा हवा, आणि मुरलीधरन बॉलिंग करतोय, ज्याला धोनी चेन्नईच्या टीममध्ये रोज बघत होता. नाबाद ९१. आज आपण म्हणतो, काय डोकं! तो दहावर आउट झाला असता तर? निर्णय तोच, विचार तोच, पण आपण आजपर्यंत शिव्या घातल्या असत्या.

असो. तर पुढे काय झालं ते ऐका, कारण माझी खरी चूक त्यात आहे.

दोन आठवड्यांनी मांदाडच्या बाजूला मॅच होती. दादा सहाव्याला आला. बारा बॉल उरलेले. आणि दादाने असे काही शॉट मारले की मी स्कोअर लिहायचा थांबलो. पहिल्याच बॉलला पुढे येऊन सरळ समालोचकाच्या टेबलावर! दोन सीझनच्या वहीत हा माणूस मला कुठेच दिसला नव्हता.

मॅच संपल्यावर विचारलं, “दादा, हे आधी का नाही खेळलास?”

तो म्हणाला, “अरे, आपली अर्धी पोरं मुंबईला. शुक्रवारी ड्युटी संपवून रात्रीच्या गाडीला बसतात. हायवेला गाडी अडकली की इंदापूरला उतरून तळ्याला पोचायला नऊ-दहा वाजतात. आपली मॅच साडेआठची. हजर किती? पाच नाहीतर सहा. मी आउट झालो, अजून तीन गेले, की खेळ खल्लास. म्हणून गाडी येईपर्यंत टिकायचो.”

कळलं का मंडळी? माझ्या वहीत दादाचा १.१ लिहिला होता, तो दादाचा आकडाच नव्हता. तो इंदापूरच्या गाडीचा आकडा होता. पाचच जण हजर असतील तर विकेट चार. मग आधी संपणारी गोष्ट विकेट, बॉल नाही. त्या सकाळी दादाचं टिकणं हेच बरोबर गणित होतं, आणि तो ते वहीशिवाय करत होता.

आकडा जागेला चिकटलेला असतो. माणूस एका जागेवर जे करतो, ते दुसऱ्या जागेवर काय करेल हे वहीत नसतं, कारण तिथे त्याला कधी पाठवलेलंच नसतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच सचिनचं. २७ मार्च १९९४, ऑकलंड. तोवर सचिन ६९ वनडे खेळला होता, खाली चौथ्या-पाचव्याला. अ‍ॅव्हरेज तिशीच्या थोडं वर, सेंच्युरी एकही नाही. त्या दिवशी सिद्धूची मान आखडली. मॅनेजर होते आपले अजित वाडेकर, कॅप्टन अझरुद्दीन. सचिनने स्वतः मागून ओपनिंग घेतली आणि ४९ बॉलमध्ये ८२ ठोकल्या. पुढे वनडेत ४९ सेंच्युऱ्या झाल्या, त्यातल्या ४५ ओपनिंगला, आणि ओपनर म्हणून अ‍ॅव्हरेज अठ्ठेचाळीसच्या वर. त्या ६९ मॅचचा कागद घेऊन माझ्यासारखा कोणी तिथे बसला असता, तर त्याने सचिनला पाचव्यालाच ठेवलं असतं.

रोहितचंही बघा. कित्येक वर्षं मधल्या फळीत वर-खाली. २०१३ला कायमचा ओपनर झाला, आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४मध्ये, ईडन गार्डन्सवर २६४.

म्हणजे आकडे बघू नका असं नाही म्हणत मी. ज्या जागी खेळवलंच नाही तिथलं कळण्यासाठी फुकटच्या मॅच वापरायच्या. सरावाची मॅच, लीगमधली बिनमहत्त्वाची मॅच, तिथे नंबर फिरवून बघायचे. आणि स्कोअर अ‍ॅपवर टाकत असाल, आता बरीच गावं टाकतात, तर नुसत्या अ‍ॅव्हरेजवर थांबू नका. तो आला तेव्हा किती बॉल उरले होते तेही बघा.

सध्या आमची ऑर्डर दोन प्रकारची आहे. सगळे हजर असतील तर हाणणारे आधी, दादा सहाव्याला. सातपेक्षा कमी असतील तर दादा पहिला. वहीत मी आता प्रत्येक मॅचच्या वर एक रकाना आखलाय, ‘टॉसला हजर किती’. रकाना दादाने सुचवला. परवाच्या रविवारी त्यात पाच लिहिलेत, कारण गाडी पुन्हा हायवेला अडकली होती.