मेथी सोडायची नाही

सकाळी ६ : सोमवार म्हणजे बोट टोचायचा वार. यंत्राच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, २.८. मला २.५ ते ३.५ हवा, म्हणजे छान. लहानपणी मिरजेत घसा धरला, मागोमाग सांधे सुजले, आणि त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप खाल्ली. आता तिथे कृत्रिम, यांत्रिक झडप आहे. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर वॉर्फरिन.

७ : आईचा फोन. तिकडे भारतात दुपारचे साडेचार.

"अगं, कच्चा लसूण खात जा, रक्त पातळ होतं."

"ते काम गोळी करते, आई. फोडणीतला पुरे."

८ : डबा भरला, मेथी आणि पोळी. वॉर्फरिन सुरू झालं की हिरवी भाजी बंद, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. मला याची फार चीड येते. गोळी के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते आणि पालेभाजीत तेच भरपूर असतं, हे खरं. पण डोस आपल्या जेवणाला धरूनच ठरतो. दर आठवड्याला साधारण तेवढीच भाजी खा, एवढंच पथ्य. उलट नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा-भगर खाल्ली, की आकडा वर चढतो आणि हिरड्यांतून रक्त यायची भीती.

९ ते ५ : सेंटेनिअल अव्हेन्यूवरचं ऑफिस. जेवणाच्या सुट्टीत भावाशी बोलले. बाबांच्या पायात गुठळी झाली तेव्हा तपासणीत फॅक्टर फाइव्ह लायडेन निघाला. १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडेनला सापडलेला, रक्त सहज गोठू देणारा जनुकातला बदल. तो आम्हा दोघांतही आहे. भावालाही एकदा गुठळी झाली. तो ॲपिक्साबॅन ही गुठळी रोखणारी दुसरी गोळी घेतो. ना टोचणं, ना मेथीचा हिशेब. मला ती चालत नाही. यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर तशाच डॅबिगॅट्रान या गोळीची चाचणी २०१२ साली थांबवावी लागली, ॲपिक्साबॅनची २०२२ साली. वॉर्फरिनवाल्यांपेक्षा त्यांच्यात गुठळ्या जास्त झाल्या.

संध्याकाळी ७ : लेक रटगर्स विद्यापीठातून जेवायला आली.

"आई, ते फॅक्टर फाइव्ह माझ्यातही असणारच का?"

"असणारच असं नाही. निम्मी शक्यता."

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी हा बदल असलेल्या बायकांत गुठळीचा धोका बराच वाढतो, म्हणून त्या घ्यायच्या आधी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. हे बोलताना मी पूर्वी आवाज खाली आणायची. आज नवऱ्यासमोरच बोललो. ती तपासणीची वेळ घेणार आहे.

रात्री ९ : गोळी. इथे अमेरिकेत वॉर्फरिनचा रंग ताकदीप्रमाणे ठरलेला असतो, कंपनी कुठलीही असो: १ मिलिग्रॅम गुलाबी, ५ पीच. बाटलीत वेगळा रंग दिसला, तर गिळायच्या आधी फार्मसीला फोन.