शब्दांच्या वाटा : ‘कन्व्हल्स’ आणि काला अंब

मागच्या आठवड्यात ‘शेक’ आणि ‘ट्रेंबल’ पाहिले. ‘कन्व्हल्स’ची जातकुळी वेगळी. लॅटिनमधल्या ‘ओढणे, उपटणे’ अशा अर्थाच्या धातूपासून ते आले आणि ती ओढाताण त्यात अजून शिल्लक आहे. तापाने फणफणलेल्या पोराचे डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात. डॉक्टर त्याला ‘कन्व्हल्शन’ म्हणतात, आजी आकडी म्हणते. औषधाची बाटली हलवणारा हात बाहेरचा असतो. इथे हलवणारे आणि हलणारे अंग एकच, आणि ते कुणाच्या ताब्यात नसते.

हसण्यालाही हेच क्रियापद चालते. ‘कन्व्हल्स्ड विथ लाफ्टर’चे ‘हास्याने थरथरला’ असे भाषांतर वाचले की कीव येते. हसून हसून मुरकुंडी वळली, एवढे साधे आहे ते! हसू, हुंदके, वेदना, या सगळ्यांआधी ‘विथ’ येतो.

राज्यांच्या बाबतीत मात्र जपून. पानिपतजवळ काला अंबला विटांचा एक स्तंभ आहे, माथ्यावर लोखंडी दांडा, भोवती कुंपण. इथले आंब्याचे झाड रणातल्या रक्ताने काळे पडले, अशी आख्यायिका. १४ जानेवारी १७६१ च्या अब्दालीविरुद्धच्या युद्धात पेशव्यांच्या घरचे विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले. ‘पानिपत कन्व्हल्स्ड द मराठाज’ असे कुणी लिहिले तर कोश हरकत घेणार नाही. मी घेईन. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून मोती गळाल्याची सांकेतिक बातमी कळली, तो ‘शॉक’. घाव अब्दालीचा, म्हणजे बाहेरचा.

आचके पुढे सुरू झाले. २३ जून १७६१ ला नानासाहेब पर्वतीवर वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवाई आली. चुलते राघोबादादा रुसून निजामाची मदत घेऊन आले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला पुतण्याला चुलत्यापुढे शरण जावे लागले. पुढच्या वर्षी निजामाने पुणे लुटले, जाळले, तेव्हा नागपूरकर जानोजी भोसले त्याच्याच बाजूला! १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनी निजामाच्या वेढ्यात सापडलेल्या दादांना सोडवले ते याच पुतण्याने. एकाच अंगाचे अवयव एकमेकांवर उठलेले. ‘कन्व्हल्स’ शोभते ते या दोन वर्षांना.

वाक्य असे करा : द पेशवा स्टेट वॉज कन्व्हल्स्ड बाय फॅमिली क्वारल्स. माणूस हसण्याने कन्व्हल्स होतो तेव्हा ‘विथ’, राज्य भाऊबंदकीने होते तेव्हा ‘बाय’. पुढच्या आठवड्यात ‘जोल्ट’ : एसटीच्या मागच्या बाकावर बसणाऱ्यांना ते शिकवायला नको.