वीज कोसळते तेव्हा अर्थिंगची सळई

घरच्या पुरवठ्याचे ५० हर्ट्झ वेगळे, आकाशातून कोसळणारी वीज वेगळी. अर्थ टेस्टर २ ओहम दाखवतो, तो कमी वारंवारतेचा रोध. आकाशातली वीज काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठते. तिच्यात मेगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारता असतात.

सळईपर्यंत जाणारी पट्टीही अडवते. सरळ तारेचं किंवा जीआय (जस्तलेपित लोखंडी) पट्टीचं इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने वाढला, तर ३ मीटर पट्टीवर ३० किलोव्होल्ट उभे राहतात. अर्थिंगच्या खड्ड्यातला रोध शून्य धरला तरी! जादा तार गुंडाळून खिळ्याला अडकवली, की आकडा आणखी चढतो.

मातीचं वागणं
- मोठ्या प्रवाहात सळईलगतची माती आयनित होते. सळई जणू जाड होते, रोध क्षणभर घटतो.
- लांबी ठरावीक मर्यादेपलीकडे निरुपयोगी. प्रवाहाची लाट टोकाला पोचेपर्यंत शिखर सरलेलं असतं. एका लांब सळईऐवजी अनेक आखूड सळया, अंतर किमान एका सळईच्या लांबीइतकं.

उदाहरण पुण्याजवळच्या सांगवीचं: मुळा-पवनेकाठची काळी माती, खाली मुरूम, मग बेसॉल्ट. ओली माती वीज सहज वाहून नेते. मे महिन्यात ती भेगाळते आणि सळईभोवती पोकळी राहते. वळवाच्या विजा त्याच दिवसांतल्या.

मानकं: अर्थिंगसाठी आयएस ३०४३, वीजसंरक्षणासाठी आयएस/आयईसी ६२३०५.

विजेचा आगाऊ इशारा: ‘दामिनी’ अ‍ॅप, पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं (आयआयटीएम).