‘पब्लिक’ नावाची किल्ली

रुग्णालयात, बँकेत किंवा महाविद्यालयात संगणक समोर दिसतात. पण त्यांना जोडणारे राउटर आणि स्विच कपाटात दडलेले असतात. अशी शेकडो उपकरणे असली, की प्रत्येकापाशी जाऊन तपासणी करणे शक्य नसते. एका जागी बसून त्यांची खबर घेता यावी, यासाठी १९८८ मध्ये ‘एसएनएमपी’ ही पद्धत तयार झाली. कोणत्या जोडणीतून किती माहिती गेली, यूपीएसची बॅटरी किती उरली, असे प्रश्न या पद्धतीने उपकरणाला विचारता येतात. इतकेच नव्हे, तर एखादी जोडणी बंदही करता येते.

मग विचारणाऱ्याला अधिकार आहे की नाही, हे उपकरण कसे ओळखते? या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक प्रश्नासोबत एक ठरलेला शब्द पाठवला जातो. त्याला ‘कम्युनिटी स्ट्रिंग’ म्हणतात. शब्द जुळला, की उत्तर मिळते. एका शब्दाला फक्त वाचण्याची, तर दुसऱ्याला बदल करण्याचीही परवानगी देता येते.

व्यवस्था सुटसुटीत आहे. पण तिच्यात तीन उणिवा आहेत. पहिली, अनेक उपकरणांत वाचण्यासाठी ‘पब्लिक’ आणि बदलासाठी ‘प्रायव्हेट’ हेच शब्द मुळात भरलेले असायचे आणि कित्येक ठिकाणी ते तसेच राहिले. दुसरी, हा शब्द उघडाच प्रवास करतो. वाटेत कान लावून बसलेल्याला तो सहज वाचता येतो. तिसरी, हा शब्द साऱ्या गटाचा असतो, एका व्यक्तीचा नव्हे. त्यामुळे बदल कोणी केला, हे त्यावरून कळत नाही आणि एखादा कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर सगळीकडचा शब्द बदलावा लागतो.

‘नुसते वाचू दिले तर काय बिघडते?’ असे वाटू शकते. पण उपकरण कोणत्या कंपनीचे, त्यात कोणती आवृत्ती आहे, त्याला आणखी काय जोडले आहे, एवढे कळले तरी चोराला घराचा नकाशा मिळाल्यासारखेच असते. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणांनी संयुक्त इशारा दिला. रशियन लष्करी गुप्तचर खात्याशी संबंधित ‘एपीटी २८’ या गटाने २०२१ मध्ये सिस्कोच्या राउटरमध्ये शिरकाव केला होता. त्यासाठी ‘पब्लिक’सारखे कमकुवत शब्द आणि एक जुनी त्रुटी त्यांच्या कामी आली. त्या त्रुटीवरचा उपाय कंपनीने २०१७ मध्येच दिला होता.

खबरदारी अवघड नाही. एसएनएमपीची गरज नसेल, तर ती बंद करावी. गरज असेल, तर मूळ शब्द बदलावेत, बदलाची परवानगी शक्यतो देऊच नये, ठरावीक संगणकांनाच उत्तर मिळेल अशी व्यवस्था करावी आणि इंटरनेटच्या बाजूने हा दरवाजा बंद ठेवावा. शक्य तिथे तिसरी आवृत्ती वापरावी. तीत प्रत्येकाला वेगळे नाव व पासवर्ड देता येतो आणि मजकूर कुलूपबंद करून पाठवता येतो. मात्र ही सोय सुरू केली आहे ना, हे तपासावे लागते.

तुमच्या संस्थेचे नेटवर्क सांभाळणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : आपल्या उपकरणांवर अजून ‘पब्लिक’ चालते का? रुग्णालयात तपासणीचे अहवाल याच तारांतून डॉक्टरांपर्यंत जातात. तिथे तरी हे उत्तर आजच मिळायला हवे.