शर्यतीतून निवृत्त, सोफ्यावर रुजू

मेलबर्न, लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरात कुत्रा आणायचं ठरलं की लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरच्या पुढे गाडी सहसा जात नाही. कुणी ग्रेहाउंडचं नाव काढलंच, तर लगेच ऐकू येतं, ‘तो रेसचा कुत्रा ना? घरात कसा राहील?’ खरं तर शर्यतीतून बाद झालेल्या ग्रेहाउंडना घर मिळवून देणाऱ्या संस्था या तिन्ही देशांत कित्येक वर्षं काम करताहेत. ब्रिटनमध्ये ‘ग्रेहाउंड ट्रस्ट’ १९७५पासून आहे, अमेरिकेत ‘ग्रेहाउंड पेट्स ऑफ अमेरिका’ १९८७मध्ये सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ‘ग्रेहाउंड अ‍ॅडॉप्शन प्रोग्रॅम’ १९९६पासून चालू आहे. वर्षानुवर्षं एकाच जातीचे कुत्रे हाताळल्यामुळे या लोकांना त्यांची नस न नस ठाऊक असते. दत्तक घेणाऱ्याचा खरा फायदा तिथेच आहे. तरीही कुत्र्याबद्दल आणि या संस्थांबद्दल गैरसमज भरपूर.

‘याला रोज मैलोन्‌मैल पळवावं लागेल.’ ग्रेहाउंड ताशी ७० किलोमीटरपर्यंत वेग घेतो, हे खरं. पण त्याची शर्यत साधारण ५०० मीटरची असते आणि ३० सेकंदांत आटोपते. लांब पल्ल्याचं काम त्याचं नव्हे. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवून आणलं की स्वारी सोफ्यावर चारी पाय वर करून झोपते ती जेवणाच्या वेळेपर्यंत. भुंकणंही बेताचंच, त्यामुळे फ्लॅटमध्ये तो चांगला रमतो. मोकळं मात्र सोडायचं नाही, पट्टा हवाच. हा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे. लांबवर ससा दिसला की हाका कानांपर्यंत पोचतच नाहीत, आणि तुम्ही चपला घालेपर्यंत तो तीन गल्ल्या पलीकडे गेलेला असतो.

‘बरगड्या दिसताहेत, उपाशी ठेवलाय बिचाऱ्याला.’ सोलापूर-सांगलीकडे कारवान कुत्रा पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. दोघांचीही अंगकाठी तीच: खोल छाती, आत गेलेलं पोट, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणाऱ्या. मायेपोटी चारून गुबगुबीत केलेला ग्रेहाउंड सांध्यांनी अधू होतो.

‘तोंडाला जाळी आहे, म्हणजे चावका असणार.’ ही जाळी त्याच्या अंगवळणी पडलेली असते. शर्यतीच्या श्वानगृहांत कुत्र्यांना एकत्र मोकळं सोडताना सगळ्यांनाच ती घालतात, कारण ग्रेहाउंडची कातडी इतकी पातळ की खेळता खेळता दात लागला तरी टाके घालायची वेळ येते. व्हिक्टोरियात पाळीव ग्रेहाउंडला रस्त्यावर जाळी घालण्याची कायद्याने सक्ती होती. १ जानेवारी २०१९पासून ती उठली, पट्ट्याची सक्ती कायम राहिली. लोकांच्या मनातली भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही.

‘रेस्क्यूचा कुत्रा म्हणजे बिघडलेला कुत्रा.’ बहुतेक ग्रेहाउंड वेग कमी पडला म्हणून किंवा पायाला दुखापत झाली म्हणून दोन ते पाच वर्षांच्या वयात बाहेर पडतात. पुढे आठ-दहा वर्षांचं आयुष्य बाकी असतं. माणसाच्या हातांची त्यांना लहानपणापासून सवय असते. नसते ती घराची. जिना म्हणजे काय हे माहीत नसतं. काचेचं दार कळत नाही, तो सरळ त्यावर जाऊन आदळतो. मिक्सर सुरू झाला की थरथरत कोपरा गाठतो. यात स्वभावाचा दोष नाही, नवखेपणा आहे.

हा नवखेपणा घालवायचं काम फॉस्टर कुटुंबाचं, आणि सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याच वाट्याला आले आहेत. फॉस्टर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत काही आठवडे कुत्रा आपल्या घरी ठेवणं. औषधपाण्याचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च सहसा संस्था उचलते, खाण्याचं मात्र आधी विचारून घ्यावं. फॉस्टरसाठी प्रशिक्षक असावं लागत नाही, घरात माणसाचा वावर असावा लागतो. जिना शिकवायचा तर एकाने मागे उभं राहून एकेक पाय उचलून पायरीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने पट्टा धरून पुढे राहायचं. चढणं पटकन जमतं, उतरताना तो चारी पाय लाकडासारखे ताठ करतो. काचेवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टीचे तुकडे लावले की धडक थांबते. झोपेत अचानक हात लागला तर काही ग्रेहाउंड दचकून गुरगुरतात, म्हणून आधी नावाने हाक मारायची. लहान मुलांना तर हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

फॉस्टर घरातून मिळणारी माहिती कुत्र्याइतकीच मोलाची. हा एकटा राहिला तर रडतो का? मांजर दिसल्यावर नुसता बघतो की नजर खिळवून ताठ होतो? लहान कुत्र्यांशी कसा वागतो? पिंजऱ्यात बसलेल्या कुत्र्याकडे पाहून यातलं काहीच कळत नाही. ‘लळा लागेल आणि मग सोडवणार नाही’ ही भीती मात्र अगदी खरी. फॉस्टर म्हणून आणलेला कुत्रा स्वतःच ठेवून घेणाऱ्यांना तिकडे गमतीने ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. संस्थेला त्यात आनंदच असतो, फक्त पुढच्या कुत्र्यासाठी एक घर कमी होतं.

‘पैसे आम्ही देतोय, मग एवढी उलटतपासणी कशाला?’ आपल्याकडे स्थळ बघायला आल्यासारखी संस्थेची माणसं घरी येतात, कुंपणाची उंची बघतात, घरात मांजर आहे का, दिवसा कोण असतं, सारं विचारतात. काहींना तो अपमान वाटतो. मला ती चौकशी रास्त वाटते. मांजरामागे धावणारा कुत्रा मांजराच्या घरी पाठवला तर दोघांचीही वाट लागते, आणि कुत्रा परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा आधीचे अवघड प्रश्न बरे. भरायची रक्कम ही कुत्र्याची किंमत नसते. नसबंदी, लसी, दात साफ करणं यांवर संस्थेचा झालेला खर्चही त्यातून अनेकदा पुरता निघत नाही.

‘डॉक्टर काय, कुठलाही चालेल.’ चालेल, पण त्याला ग्रेहाउंड माहीत हवा. या जातीच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त असतं आणि प्लेटलेट कमी. थायरॉइडचा आकडाही मुळातच खाली असतो. हे ठाऊक नसलेला डॉक्टर धडधाकट कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू करू शकतो. भुलीचं तर विचारूच नका. थायोपेंटालसारखी बार्बिच्युरेट औषधं ग्रेहाउंडच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात आणि शुद्धीवर यायला तासन्‌तास लागू शकतात. आता दुसरी, सुरक्षित औषधं आहेत, ती वापरायचं लक्षात असायला हवं. जाणत्या डॉक्टरांची यादी संस्था देते. ती फ्रिजवर लावून ठेवावी.

‘शर्यतींवर बंदी आली, आता हवे तेवढे कुत्रे मिळतील.’ सुरुवातीला तसं होतंही. मकावचा कॅनिड्रोम हा शर्यतीचा ट्रॅक जुलै २०१८मध्ये बंद झाला तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मागे उरले आणि त्यांना देशोदेशी घरं शोधावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडात ६९ टक्के मतदारांनी बंदीला कौल दिला आणि २०२०च्या अखेरीपर्यंत तिथल्या शर्यती थांबल्या. देशातले बहुतेक ट्रॅक याच राज्यात होते. पुढे अमेरिकेत चालू राहिले ते वेस्ट व्हर्जिनियातले दोनच. तेव्हा आता तिथे चित्र उलटं झालंय: अर्ज जास्त, कुत्रे कमी. काही संस्था आयर्लंड-ऑस्ट्रेलियातून ग्रेहाउंड आणतात, काही स्पेनमधल्या गाल्गो या शिकारी कुत्र्यांकडे वळल्या. ऑस्ट्रेलियात मात्र शर्यती जोरात आहेत आणि घरांचीच टंचाई आहे. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४मध्ये शर्यती बंद करायचं जाहीर केल्यावर तिथेही एकाच वेळी बऱ्याच कुत्र्यांना घरं शोधायची वेळ आली. त्यामुळे वाट किती पाहावी लागेल, हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं.

करारावर सही करताना एक कलम नीट वाचा. ते जवळपास सगळ्याच संस्थांच्या करारात असतं आणि लोक त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. नोकरी बदलली, घटस्फोट झाला, भारतात परत जायचं ठरलं, कारण काहीही असो. कुत्रा परस्पर कुणाला देता येत नाही. पहिल्या महिन्यात असो की सातव्या वर्षी, तो संस्थेकडेच परत द्यायचा, आणि त्याला घ्यायला संस्था बांधील असते.